बर्लिन परिषद (१८८४-८५)

बर्लिन परिषद ही आफ्रिकेतील व्यापार व वसाहतींविषयीचे नियम ठरवण्यासाठी १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात जर्मनीच्या राजधानीत भरलेली आंतरराष्ट्रीय परिषद होती. जर्मनीचे चॅन्सेलर ऑटो फॉन बिस्मार्क हे तिचे यजमान होते. युरोपीय देश, अमेरिका व ओस्मानी साम्राज्य अशी १४ राष्ट्रे तीत सहभागी झाली. ज्या खंडाविषयी चर्चा झाली, तेथील रहिवाशांचा एकही प्रतिनिधी मात्र तेथे नव्हता.

पार्श्वभूमी

वादाचे मूळ काँगो नदीच्या खोऱ्यात होते. हेन्री मॉर्टन स्टॅन्ली यांनी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्यासाठी तेथे ठाणी उभारली होती. फ्रान्सतर्फे ब्राझा यांनी १८८० मध्ये स्थानिक राजा माकोको याच्याशी करार केला होता. नदीच्या मुखावर पोर्तुगाल आपला जुना हक्क सांगत होता. फेब्रुवारी १८८४ मधील करारात ब्रिटनने हा हक्क मान्य केला. परंतु इतर राष्ट्रांच्या विरोधामुळे तो करार बारगळला.

निर्णय

परिषदेच्या ३८ कलमी करारनाम्याने काँगो खोऱ्यात मुक्त व्यापार आणि काँगो व नायजर नद्यांवर मुक्त जलवाहतूक मान्य केली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नवा प्रदेश घेणाऱ्या राष्ट्राने इतरांना तसे कळवावे (कलम ३४) व तेथे प्रत्यक्ष सत्ता प्रस्थापित करावी (कलम ३५), असेही ठरले. या परिषदेत नकाशावर रेघा ओढून आफ्रिकेची वाटणी झाली, हा समज प्रचलित असला तरी बरोबर नाही. वरील अट केवळ किनाऱ्यापुरती होती आणि बहुतेक सीमा पुढे द्विपक्षीय करारांनी ठरल्या. ब्रिटन व जर्मनी यांच्यातील १८९० चा हेलिगोलँड-झांझिबार करार हे त्याचे एक उदाहरण होय. लिओपोल्डच्या संस्थेला मिळालेली मान्यतादेखील मुख्यतः परिषदेबाहेरच्या स्वतंत्र करारांतून आली.

परिणाम

या मान्यतेतून काँगो मुक्त राज्य निर्माण झाले. नावात ‘मुक्त’ असले तरी ते व्यवहारात एका राजाची खाजगी मालमत्ता होते. तेथील लोकांचे रक्षण करण्याचे व त्यांची स्थिती सुधारण्याचे वचन कलम ६ मध्ये दिलेले होते. प्रत्यक्षात ‘पडीक’ ठरवलेली जमीन राज्याने ताब्यात घेतली आणि रबर गोळा करण्यासाठी गावांवर सक्ती केली. ठरलेले रबर न आणणाऱ्यांच्या बायकामुलांना ओलीस ठेवले जाई. हात तोडण्याचे प्रकारही घडले. मुक्त व्यापाराच्या जागी राज्याची व सवलतधारक कंपन्यांची मक्तेदारी आली. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला, तर ई. डी. मोरेल यांनी या राजवटीविरुद्ध चळवळ उभारली. अखेर १९०८ मध्ये बेल्जियमने हा प्रदेश राजाकडून काढून घेऊन आपली वसाहत केला.