रकान्यात न मावलेलं

येलदरीच्या धरणावर गेलो की नानी आठवते. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पूर्ण झालं आणि तिचं गाव पाण्याखाली गेलं. बी.एड.ला असताना एका प्रकल्पासाठी मी तिची प्रश्नावली भरली होती. 'मोबदला मिळाला?' 'होय.' मग ती पाण्याकडे बोट करून म्हणाली, "कब्रस्तान उधर था." त्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

पुढे आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' पाहिला. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा जीव गेला. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. पटवर्धन १४ वर्षं चित्रीकरण करत राहिले. माहितीपट २०११मध्ये पूर्ण झाला. अहवालात १० हा आकडा उरतो. इथे त्यांच्या घरची माणसं दिसतात, बोलतात, गातात.

कॅमेराही फसवू शकतो. काय ठेवायचं, काय कापायचं हे संकलन करणारा ठरवतो. म्हणून ज्यांचं चित्रण केलं, त्यांनाच ते आधी दाखवावं.

नानी आता नाही. तिच्या पिढीतली मोजकी माणसं आहेत. मोबाईल तर प्रत्येकाच्या खिशात आहे. परवानगी घ्या, शेजारी बसा, आणि त्यांना बोलू द्या.