गोधडीचे तिरके तुकडे अचूक कसे कापायचे? महागडी मोजपट्टी नसेल तर हे उपाय करा

इचलकरंजीत कापडाला तोटा नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे या गावाला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' अशी ओळख मिळाली. घरातल्या जुन्या सुती कापडाची वाकळ शिवणं हेही या भागाला नवं नाही. पण मोबाईलवर चांदणीच्या किंवा षटकोनाच्या डिझाइनची गोधडी बघून ती करायला घेतली, की अनेकांचं काम एकाच जागी अडतं. तुकडे जोडले तरी चांदणी सपाट बसत नाही, मधोमध फुगते. मग दोष शिलाईला दिला जातो. खरं तर बऱ्याचदा चूक शिलाई मशीनवर बसण्याआधीच, कापड कापताना झालेली असते.

वाकळीला मोजपट्टी का लागत नव्हती?

पारंपरिक वाकळीत जुन्या साड्या, लुगडी, धोतरं यांचे थर एकावर एक घालतात. वर ठिगळं ठेवून कडा बोटांनी आत दुमडतात आणि धावदोरा घालत जातात. ठिगळ थोडं वाकडं असलं तरी खालच्या थरावर ते सामावून जातं.

पॅचवर्कमध्ये असा खालचा थर नसतो. तुकड्याला तुकडा थेट जोडला जातो. त्यामुळे एका तुकड्याची चूक शेजारच्या तुकड्यात जाते आणि वाढत राहते.

एका अंशाने काय बिघडतं?

आठ टोकांच्या चांदणीत मध्यभागी ४५ अंशांचे आठ कोन येतात. ४५ गुणिले ८ म्हणजे बरोबर ३६०. आता प्रत्येक तुकडा फक्त एक अंशाने कमी कापला गेला, तर बेरीज ३५२ होते. आठ अंशांची फट शिलाईत ओढून घेतली, की चांदणी टोपीसारखी वर उचलली जाते. प्रत्येक तुकडा एक अंशाने जास्त असेल तर बेरीज ३६८ होते आणि कापडाला झालरीसारख्या लाटा पडतात. इस्त्री कितीही फिरवली तरी हे पुरतं बसत नाही.

खास मोजपट्ट्या काय करतात?

जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये गोल पात्याचा रोटरी कटर बाजारात आणला. त्याआधी साचा ठेवून पेन्सिलीने आखायचं आणि कात्रीने कापायचं, हीच पद्धत होती. फिरतं पातं सरळ चालायला जाड, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची कड लागते. त्यातूनच ६० अंशांच्या त्रिकोणाची, ४५ अंशांच्या शंकरपाळ्याची, अर्ध्या चौकोनाची अशा खास मोजपट्ट्या रूढ झाल्या. या मोजपट्ट्यांवर कोन तर असतोच, शिवाय शिवणीसाठी सोडायचं जादा कापड, म्हणजे माया, आधीच धरलेली असते. त्यांचा खरा फायदा हाच.

पण प्रत्येक आकाराला वेगळी मोजपट्टी घ्यायची म्हटलं तर खर्च वाढत जातो. एकच घ्यायची असेल तर ३०, ४५ आणि ६० अंशांच्या रेषा छापलेली साधी लांब अ‍ॅक्रिलिक मोजपट्टी घ्या. हवी ती रेषा कापडाच्या खालच्या कडेवर बसवली, की मोजपट्टीची कड त्याच कोनात तिरकी होते.

मोजपट्टीच नसेल तर?

कंपासपेटी उघडा. त्यातल्या एका गुण्याला ३०-६०-९० आणि दुसऱ्याला ४५-४५-९० अंशांचे कोन असतात. त्यांनी फक्त आखा. कटर चालवू नका, पातळ प्लास्टिक कापलं जातं.

कागदाची घडी घाला. कागद उभा धरून मधोमध उभी घडी घाला आणि उलगडा. खालचा डावा कोपरा जागेवर दाबून ठेवा, खालचा उजवा कोपरा उचलून मधल्या रेषेवर टेकवा. तो टेकेल तिथे खूण करा. ही खूण खालच्या दोन्ही कोपऱ्यांना जोडली, की तिन्ही कोन ६० अंशांचे झालेला त्रिकोण मिळतो.

लांबी मोजून कोन काढा. आडवे १० सेंमी आणि उभे १०, तर ४५ अंश. आडवे १० आणि उभे १७.३, तर ६० अंश. मोठ्या तुकड्यांसाठी दोन्ही आकडे दुप्पट करा, चूक कमी होते.

शंकरपाळा कापा. कापडाची पट्टी जितकी रुंद, तितक्याच अंतरावर ४५ अंशांत समांतर काप घ्या. हे अंतर काटकोनात मोजा, कडेवरून नाही.

साचा टिकाऊ करा. पुठ्ठ्याची कड वापरून झिजते. जुनी एक्स-रे फिल्म जास्त टिकते. मागे पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवला तर साचा कापडावर सरकत नाही.

षटकोनासाठी लग्नपत्रिका वापरा. जाड कागदाचे अचूक षटकोन कापा, कापड त्यावर दुमडून टाचा, कडा हाताने जोडा आणि शेवटी कागद काढून घ्या. इथे कापड थोडं कमीजास्त कापलं गेलं तरी चालतं, अचूक फक्त कागद हवा.

माया किती धरायची?

पॅचवर्कमध्ये साधारण पाव इंच, म्हणजे दोन सूत माया धरतात. तिरक्या तुकड्यात मात्र दोन्ही बाजूंचा पाव-पाव इंच मिळवून भागत नाही, कारण टोकाकडे जादा कापड लागतं.

चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण करायचे असतील तर तयार मापात ७ सूत मिळवा. ४ इंचांसाठी ४ इंच ७ सूतांचा चौकोन घ्या. दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करायचे असतील तर सव्वा इंच मिळवा. ६० अंशांच्या टोकदार त्रिकोणाला तयार उंचीत पाऊण इंच मिळवा, म्हणजे ३ इंचांना पावणेचार. काही खास मोजपट्ट्यांचं टोक मुद्दाम कापलेलं असतं, तिथे अर्धाच इंच मिळवतात. म्हणून एका गोधडीसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच मोजपट्टी वापरा.

कोन बरोबर, तरी तुकडा वाकडा का?

यंत्रमागावर उभा ताणा आणि आडवा बाणा काटकोनात विणले जातात. या दोन दिशांना कापड फारसं ताणत नाही. तिरकं, म्हणजे उरेब, कापलं की ते रबरासारखं ओढलं जातं. तिरक्या तुकड्याची निदान एक कड उरेब असतेच. ती मशीनखाली ताणली गेली, की अचूक कोनही बिघडतो.

त्यावर उपाय खळीचा. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना सायझिंगमध्ये खळ देतात. तसंच कापड आधी धुवून आटवा, मग कांजी देऊन कडक इस्त्री करा आणि नंतर कापा. एक आडवा धागा ओढून काढला की सरळ दिशा कळते, पहिला काप त्या रेषेवर घ्या. तुकड्याची सरळ धाग्याची कड शक्यतो बाहेरच्या बाजूला ठेवा. इस्त्री घासू नका, फक्त दाबा.

आणि सगळं कापड एकदम कापू नका. आधी एकाच चांदणीचे आठ तुकडे कापून जोडा आणि टेबलावर ठेवून बघा. मध्य सपाट बसला, तरच पुढचं कापड हातात घ्या.