अधिवेशनातील सादरीकरण: स्लाइड कमी, सांगणे जास्त

बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन असो, विद्यापीठातील परिषद असो की आपल्याच गणेशोत्सवातले व्याख्यान, बोलायला उभे राहणारे सभासद आम्हांला हमखास विचारतात, स्लाइड किती ठेवू? आम्ही उलट विचारतो: वीज गेली तर तुमचे भाषण चालेल का? चालणार असेल तर चित्र कुठे हवे ते आपोआप कळते. नसेल तर स्लाइड वाढवून ते चालू होणार नाही.

श्रोत्याची अडचण साधी असते. पडद्यावर दहा ओळी आल्या की तो त्या वाचू लागतो, आणि वाचताना तुमचे बोलणे त्याच्या कानांवरून जाते. तुम्हीही त्याच ओळी वाचत असाल तर तो तुमच्याआधी शेवटच्या ओळीशी पोहोचलेला असतो आणि मग मोबाइल काढतो. त्याला दोष देता येत नाही.

शिकायला परदेशी पुस्तकांकडे जायची गरज नाही. सतराव्या शतकातले आख्यानकवी प्रेमानंद आपल्या बडोद्याचेच. गुजरातीतले माणभट्ट मोठ्या पोटाचा तांब्याचा घडा, म्हणजे माण, पुढे घेऊन बोटांतल्या अंगठ्यांनी त्यावर ताल धरतात आणि कथा लावतात. साहित्य एवढेच. आमच्या दृष्टीने त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ‘वलण’. आख्यान कडव्यांत विभागलेले असते आणि कडव्याच्या शेवटी वलण येते. झालेला भाग ते थोडक्यात मिटवते आणि पुढच्याची चाहूल देते. आपण मात्र एक मुद्दा संपला की ‘नेक्स्ट स्लाइड’ म्हणतो. त्याऐवजी पुढचे चित्र येण्याआधी एक वाक्य बोलावे: ‘शाळा तर निघाल्या, पण शाळा सुटल्यावर मुलांनी वाचायचे काय?’ श्रोता आता पडद्याकडे उत्तरासाठी बघतो.

नारदीय कीर्तनाची बांधणीही अशीच कामाची आहे. पूर्वरंगात एक अभंग किंवा पद घेऊन त्याचे निरूपण, उत्तररंगात ते पटवणारे आख्यान, आणि शेवटी पुन्हा मूळ पदाशी येणे. वीस मिनिटांच्या भाषणाला एकच सूत्र पुरते. आमच्याकडे मजकूर तपासायला येतो त्यात बहुधा पाच-सहा सूत्रे असतात आणि गोष्ट एकही नसते.

चित्रांना आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. सिंधुदुर्गातल्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी चित्रांवरच कथा सांगतात. सुट्या चित्रांचा संच, त्याला पोथी म्हणतात. एकेक चित्र समोर धरायचे आणि त्या प्रसंगाचे गायन-निवेदन संपले की दुसरे घ्यायचे. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रावर मजकूर लिहिलेला नसतो, तो सांगणाऱ्याच्या तोंडी असतो. स्लाइडचा याहून चांगला नमुना आम्हांला माहीत नाही.

एक उदाहरण घेऊ. विषय समजा बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळ. नेहमीच्या पद्धतीने पहिल्या स्लाइडवर सनावळी येते: १८९३ अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०६ संस्थानभर सक्ती, १९१० विल्यम बॉर्डन यांचे अमेरिकेहून आगमन. हे सगळे तोंडी सांगता येते, आणि सांगताना कारण जोडता येते. सयाजीराव महाराजांनी मुलांना शाळेत आणले खरे, पण शिकलेला माणूस वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले विसरतो, म्हणून ग्रंथालये. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जात, त्या सांगताना एक जुनी लाकडी पेटी टेबलावर ठेवा, दोन-चार पुस्तके घाला आणि बोलता बोलता उघडा. मागच्या रांगेतले लोक माना उंच करतील. चित्र लागते ते मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयासाठी. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, प्रकाश खालच्या मजल्यापर्यंत उतरावा म्हणून. हे शब्दांत नीट बसत नाही. तिथे एक मोठे छायाचित्र लावावे, त्यावर एकही अक्षर नको, आणि क्षणभर गप्प राहावे. दाखवून झाले की पडदा काळा करावा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड चालू असताना इंग्रजी ‘बी’ची कळ दाबली की तो होतो.

आकड्यांचे तक्ते पडद्यावर कोणालाच वाचता येत नाहीत. ते कागदावर छापून शेवटी वाटावेत. आधी वाटले तर सभागृहात कागदांचीच सळसळ ऐकू येते.

आता मुलांविषयी, कारण हा लेख लिहायचे खरे कारण तेच. आपल्या घरांतली मुले मराठी सहज बोलतात, मधूनच गुजराती शब्द येतो, ते बडोद्याचेच वळण आहे. पण शाळा इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाची, त्यामुळे मराठी वाचायची सवय नाही. त्यांना आपण स्लाइड करून देतो, बहुधा आईने किंवा काकाने रात्री बसून, आणि मूल व्यासपीठावर ती अडखळत वाचते. श्रोते कौतुकाने टाळ्या वाजवतात आणि मुलाला मात्र वाटते की आपल्याला मराठी येत नाही. तेच मूल जिन्यात आजीला तोच विषय भडाभडा सांगत असते. म्हणून युवा सत्रासाठी आमचा आग्रह असा: जास्तीत जास्त तीन चित्रे, हातात पोस्टकार्डाएवढे टाचण, त्यावर फक्त नावे आणि साले. तालीम घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर, पडद्याविना. आजोबांनी मध्येच ‘म्हणजे काय?’ विचारले तर ती जागा पुन्हा बांधायची. उच्चार किंवा व्याकरण चुकले तर बोलत असताना मध्येच सुधारू नये, नंतर सांगावे.

मोठ्यांनी पहिली दोन वाक्ये आणि शेवटची दोन पाठ करावीत, मधले सांगावे. ‘वेळेअभावी’ हा शब्द तोंडी येऊ लागला तर तालीम घड्याळ लावून झालेली नाही असे समजावे. कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा तास आधी येऊन ध्वनिक्षेपक स्वतः तपासावा. प्रोजेक्टर बंद पडला तरी सभा चालते, मागच्या खुर्च्यांना आवाज पोहोचला नाही तर चालत नाही. आणि सभागृहातले सगळे दिवे मालवू देऊ नयेत. बोलणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे.