पूना डिव्हिजन

'पुणे डिव्हिजन' म्हटलं की आपल्याला रेल्वे आठवते, आणि लेट झालेली लोणावळा लोकल. पण याच नावाची एक फौज होती, सिक्स्थ पूना डिव्हिजन. पहिल्या महायुद्धात ती तुर्कांशी लढायला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या, शिवाय आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या. त्यातली कितीतरी पोरं आमच्या पिंपरीच्या ऑफिसात फ्रेशर म्हणून खपली असती अशा वयाची.

बगदाद घ्यायला निघालेला जनरल टाउनशेंड मागे हटता हटता कूत अल अमारा या तैग्रिसकाठच्या गावात अडकला. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 वेढा! धान्य आटलं तेव्हा घोडे कापले. बहुतेक भारतीय शिपाई ते मांस खाईनात. इकडच्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आलीही, तरी कित्येकांनी शेवटपर्यंत तोंडाला लावलं नाही. कुणाला हा अडाणीपणा वाटेल, मला नाही वाटत. गावी परतल्यावर पंगतीला बसता आलं पाहिजे, एवढा साधा हिशोब होता तो. म्हणजे आपण परतणार हे त्यांनी धरून ठेवलं होतं... शेवटी विमानांतून धान्याची पोती टाकली, दळायला जात्याचे दगडसुद्धा. पुरलं नाही.

सुमारे 13,000 जण कैदी झाले. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. शिपायांना मात्र भर उन्हाळ्यात वाळवंटातून मोसूलमार्गे रास अल ऐनकडे हाकलत नेलं आणि तिथे रेल्वेच्या कामाला जुंपलं. आमांश, टायफस, मार. भारतीय शिपायांपैकी सुमारे 3,000 मेले किंवा बेपत्ता झाले. गोऱ्या शिपायांचे हाल याहून वाईट, निम्म्याहून जास्त गेले.

त्याच रास अल ऐनला कॅप्टन कल्याण मुखर्जी हा बंगाली डॉक्टर मार्च 1917 मध्ये कैदेतच वारला. पण त्याची पत्रं घरी पोचली होती आणि त्याच्या आजीने, मोक्षदादेवींनी, 1928 साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं. शिकलेलं घर, त्यामुळे माणूस उरला. आपल्या मराठा शिपायांपैकी लिहिता येणारे किती असतील?

बरं, 1929 साली बसऱ्याला मोठं स्मारक झालं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही. भारतीय शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा! डेटाबेस करताना नावाचा कॉलमच ठेवला नाही, असं म्हणा ना. हा भेदभाव होता हे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने 2021 च्या अहवालात मान्य केलं.

ही नावं आज कमिशनच्या वेबसाइटवर शोधता येतात. बसरा मेमोरियल निवडा आणि पलटण टाका. शिपाई नंबर, बऱ्याच ठिकाणी वडिलांचं नाव, गाव, जिल्हा. वय क्वचितच. स्पेलिंग साहेबी कानाने लिहिलेलं, त्यामुळे गाव मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे काही गावांत एक जुनी पाटीही सापडते: या गावातून 1914-19 च्या महायुद्धात अमुक माणसं गेली, पैकी अमुक मेली. तिच्यावरही आकडेच. दिवाळीत गावी गेलात आणि अशी पाटी दिसली, तर फोटो काढा आणि यादीशी ताडून बघा. आजीला आडनावंही विचारून घ्या.