हुशार कार्ड, मठ्ठ कार्ड

घरच्या स्टोरेज सर्व्हरमध्ये डिस्क वाढवायची वेळ आली की पहिली अडचण डिस्कची नसते, ती लावायच्या जागेची असते. मदरबोर्डवर साटाचे चार-सहा पोर्ट, ते भरले की संपलं. मग पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये बसणारं कंट्रोलर कार्ड शोधायला लागायचं. आणि शोधताना एक विचित्र प्रकार दिसतो. जाणकार लोक सर्व्हरमधून निघालेलं रेड कार्ड विकत घेतात आणि त्यातलं रेडचं फर्मवेअर पुसून टाकतात! पैसे मोजून घेतलेलं हुशार कार्ड मुद्दाम मठ्ठ करायचं. असं का? याचं उत्तर इतिहासात आहे.

१९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी रेडवरचा प्रसिद्ध पेपर मांडला. त्यांनी तुलना केली ती आयबीएमच्या ३३८० या धिप्पाड डिस्कशी. साडेसात जीबी जागा आणि १४ इंची चकत्या. दुसऱ्या बाजूला पीसीसाठी बनलेली कॉनरची साडेतीन इंची डिस्क, जेमतेम १०० एमबीची, पण स्वस्त. अशा ढीगभर स्वस्त डिस्क एकत्र जोडल्या तर? वेग मिळेल, पण डिस्क जितक्या जास्त तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही जास्त. यावर उपाय पॅरिटीचा. तीन आकडे आणि त्यांची बेरीज लिहून ठेवा. एक आकडा हरवला तरी वजाबाकी करून परत मिळतो. संगणक बेरजेऐवजी एक्सऑर करतो, एवढाच फरक.

गंमत म्हणजे त्यांचं पहिलं यंत्र, १९८९ मधलं रेड-१, यात हुशार कार्ड नव्हतंच. सनचा एक ४/२८० संगणक, साधे स्कझी कंट्रोलर, २८ डिस्क आणि त्या एकत्र बांधणारं सॉफ्टवेअर. पण निकाल काय लागला? एकटी डिस्क सेकंदाला १.३ एमबी द्यायची, आणि अख्ख्या २८ मिळून प्रोग्रामच्या हातात पडायचे २.३ एमबी! डिस्क कमी नव्हत्या, रस्ता अरुंद होता. सगळा डेटा त्या बिचाऱ्या संगणकाच्या मेमरीतून जायचा आणि तिथे ट्रॅफिक जॅम व्हायचा. म्हणून रेड-२ मध्ये त्यांनी खास वेगळा बोर्ड बनवला. त्यावर स्वतःची मेमरी, एक्सऑरसाठी स्वतःचं हार्डवेअर. मुख्य संगणकाला बाजूला ठेवून डेटा परस्पर जाणार.

नव्वदच्या दशकातली रेड कार्डं याच विचाराची. कार्डावर स्वतंत्र प्रोसेसर, कॅश, आणि लाईट गेली तर कॅशमधला डेटा टिकावा म्हणून बॅटरी. त्या काळात हा निर्णय अगदी बरोबर होता.

मग काळ बदलला. प्रोसेसर इतके वेगवान झाले की एक्सऑर हे त्यांच्यासाठी किरकोळ काम उरलं. लिनक्सचं कर्नल तर सुरू होतानाच एक्सऑरच्या वेगवेगळ्या पद्धती धावडवून बघतं आणि सगळ्यात जलद असेल ती निवडतं. कार्डाच्या हुशारीचं मूळ कारणच गेलं.

त्यानंतर झेडएफएस आलं. सनमध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि ऑक्टोबर २००५ मध्ये ते सोलारिसच्या कोडमध्ये आलं. यात प्रत्येक ब्लॉकचा चेकसम वेगळा जपून ठेवलेला असतो. डिस्कने गुपचूप चुकीचा डेटा दिला तर झेडएफएसला कळतं आणि दुसऱ्या प्रतीवरून किंवा पॅरिटीवरून ते दुरुस्तही करतं. पण त्यासाठी त्याला प्रत्येक डिस्क वेगळी दिसायला हवी. रेड कार्ड मात्र आठ डिस्कची एकच मोठी डिस्क करून दाखवतं. सोसायटीच्या सेक्रेटरीने दारात उभं राहून "सगळं ठीक आहे, आत यायची गरज नाही" म्हणावं, तसं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. डिस्कवर डेटा कसा मांडलाय हे त्या कार्डालाच ठाऊक असतं. कार्ड गेलं की डिस्क धडधाकट असूनही आतले फोटो मिळत नाहीत, त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड शोधावं लागतं. आणि घराणी तर सारखी बदलतात. थ्रीवेअर २००४ मध्ये एएमसीसीकडे गेलं, २००९ मध्ये एलएसआयकडे. २०१४ मध्ये एलएसआयलाच अवागोने घेतलं आणि २०१६ मध्ये अवागोचं नाव झालं ब्रॉडकॉम. मुलाच्या बारशाचे फोटो असल्या साखळीवर का टांगायचे?

तर मग घ्यायचं काय? एचबीए, म्हणजे डिस्क जशा आहेत तशा पुढे दाखवणारं मठ्ठ कार्ड. घरगुती सर्व्हरवाल्यांचं लाडकं म्हणजे एलएसआयची एसएएस२००८ चिप. ९२११-८आय हे कार्ड किंवा त्याच चिपचं आयबीएमचं एम१०१५, आयटी मोडचं फर्मवेअर घातलेलं. आठ डिस्क लागतात. एका डिस्कचे सेकंदाला २५० एमबी धरले तरी आठांचे दोन जीबी, आणि कार्डाचा रस्ता साधारण चार जीबीचा. पुरून उरतं. फक्त ही कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्यासाठी बनलेली आहेत, घरच्या कॅबिनेटमध्ये तापतात. हीटसिंकवर छोटा पंखा लावाच. त्याआधीच्या १०६८ई चिपची कार्डं कितीही स्वस्त मिळाली तरी नकोत, त्यांना दोन टीबीच्या वरची डिस्क पूर्ण दिसत नाही.

दोन-चारच पोर्ट हवे असतील तर साधं साटा कार्डही चालेल, पण लेन मोजून घ्या. पीसीआय एक्स्प्रेस २.० ची एकच लेन असेल तर सगळ्या डिस्कमध्ये मिळून फार तर ५०० एमबी. म्हणजे पुन्हा बर्कलीचाच अरुंद रस्ता!

मठ्ठ कार्ड जळालं तर त्याच डिस्क दुसऱ्या कुठल्याही साध्या कंट्रोलरला लावा, झेडएफएस असलेल्या मशीनवर पूल इम्पोर्ट करा, डेटा समोर. घर किंवा मशीनच गेलं तर मात्र कुठलंच कार्ड उपयोगाचं नाही. तेव्हा कार्डावर वाचलेल्या पैशांत एक बाहेरची डिस्क घ्या, बॅकअप काढा आणि ती दुसऱ्या घरी ठेवा.