छंदासाठी ड्रोन-उड्डाण : पुणे शहरातील उद्याने, टेकड्या आणि सार्वजनिक जागा

छंदासाठी ड्रोन-उड्डाण (पुणे शहर) : मोबदल्याचा हेतू न ठेवता, हौस, छायाचित्रण किंवा शिक्षण यांसाठी बागा, टेकड्या, नदीकाठ, मैदाने अशा सार्वजनिक जागांवरून उडवले जाणारे छोटे मानवरहित विमान व त्याला लागू असलेले नियम. हे नियम एका ठिकाणी एकत्र सापडत नाहीत. आकाशाचे नियम केंद्र सरकारचे आहेत, बंदोबस्ताचे आदेश पोलिसांचे असतात आणि उडवणारा ज्या जमिनीवर उभा असतो ती महापालिका, वन विभाग, पुरातत्त्व खाते, कॅन्टोन्मेंट, लष्कर किंवा एखादे देवस्थान यांपैकी कोणाची तरी असते. या तिघांपैकी कोणाचीही हरकत नसेल तरच उड्डाण नियमात बसते. केंद्राच्या हवाई नकाशावर हिरवा रंग दिसला म्हणजे परवानगी मिळाली, हा समज म्हणूनच अपुरा आहे. पुण्यासारख्या लष्करी आणि टेकड्यांच्या शहरात तर तो धोक्याचा आहे.

भारतात या विषयाची सुरुवात बंदीने झाली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) ७ ऑक्टोबर २०१४ रोजी जाहीर सूचना काढून नियम तयार होईपर्यंत खासगी ड्रोन उडवण्यास मनाई केली. पहिली नियमावली १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाली. तिचे मुख्य सूत्र ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ असे होते. मार्च २०२१ मध्ये त्याहून किचकट नियम आले आणि त्यांवर टीका झाल्यावर पाच महिन्यांतच, २५ ऑगस्ट २०२१ रोजी, ‘ड्रोन नियम, २०२१’ अधिसूचित झाले. अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आणि शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर आले. मूळ कायदा म्हणजे १९३४ चा विमान अधिनियम होता. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा ‘भारतीय वायुयान अधिनियम, २०२४’ने घेतली.

ड्रोनची वर्गवारी वजनावर ठरते : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यावर लार्ज. छंदिष्टाचा संबंध बहुधा पहिल्या दोन वर्गांशीच येतो. नॅनो ड्रोनला प्रकार-प्रमाणपत्र, पायलट प्रमाणपत्र आणि तृतीय पक्ष विमा या तिन्हींतून सूट आहे. मायक्रो ड्रोन व्यवसायासाठी उडवत नसाल तर पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण विमा लागतो; त्याला मोटार वाहन कायद्याच्या विम्याच्या तरतुदी लावल्या आहेत. शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या, २५ किलोपर्यंतच्या विमानांना नियमांत ‘मॉडेल’ असा वेगळा प्रकार असून त्यांनाही प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. एरोमॉडेलिंग करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही तरतूद अवश्य वाचावी. ड्रोनची नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेणे हा सर्वसाधारण नियम आहे आणि त्याचे शुल्क १०० रुपये आहे. या नोंदणीतून संशोधन, विकास व चाचणीसाठी दिलेली सूट हौशी उड्डाणाला लागू होत नाही. लग्नाचे किंवा जाहिरातीचे चित्रीकरण पैसे घेऊन केले की ते छंदात मोडत नाही, ड्रोन कितीही लहान असो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुटे भाग आणण्यास मोकळीक आहे. परदेशातल्या नातेवाइकाने भेट म्हणून सामानातून आणलेला ड्रोनही या अडचणीत सापडू शकतो.

आकाशाचे तीन रंग : सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनविषयक ऑनलाइन मंचावर देशाचा हवाई नकाशा प्रसिद्ध केला. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून १२० मीटर (४०० फूट) उंचीपर्यंत परवानगी लागत नाही. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी मर्यादा ६० मीटरवर येते, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उड्डाण नाही.

पुण्यात या अंतरांना विशेष अर्थ आहे, कारण लोहगावचा विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमाने तिथे नागरी कक्षातून ये-जा करतात. धावपट्टी आणि हवाई नियंत्रण हवाई दलाकडेच आहे. येरवड्याचा आगाखान पॅलेस तिथून सरळ रेषेत चारेक किलोमीटरवर आहे. कल्याणीनगरचा नदीकाठ आणि डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचा परिसरही जवळच आहे. एम्प्रेस गार्डन त्याहून थोडे दूर असले तरी ८ किलोमीटरच्या हिशेबात अडकते. संभाजी उद्यान, शनिवारवाडा आणि सारसबाग धावपट्टीपासून साधारण १० ते ११ किलोमीटरवर आहेत. परंतु नियमातले अंतर विमानतळाच्या हद्दीपासून मोजायचे असल्याने ही ठिकाणे ६० मीटरच्या पट्ट्यात किंवा अगदी त्याच्या काठावर येतात. तळजाई, कात्रज, पाषाण हे भाग या वर्तुळांच्या बाहेर पडतात. तेवढ्याने ते मोकळे झाले असे मात्र नाही. पाषाणला संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या प्रयोगशाळा आहेत, खडकीत दारूगोळ्याचे कारखाने, दापोडीत लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, कॅम्पात दक्षिण मुख्यालय आणि खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. धरणाच्या चौपाटीवर रविवारी कणीस खाणाऱ्या गर्दीत कोणी ड्रोन वर सोडला, तर पाण्यापलीकडचा किनारा प्रबोधिनीचा आहे हे त्याने लक्षात ठेवलेच पाहिजे. हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे आणि तिथली इंजिनाविना उडणारी विमाने कमी उंचीवरून जातात. माणूस बसलेल्या विमानाला वाट देणे ही ड्रोन उडवणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे.

टेकड्यांवरची उंची : पुण्याच्या छंदिष्टांना सर्वांत आवडणाऱ्या जागा म्हणजे वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी, पर्वती, तळजाई. नकळत नियमभंग होण्याची शक्यताही इथेच सर्वांत जास्त. नियमातली १२० मीटरची मर्यादा ड्रोनच्या थेट खाली असलेल्या जमिनीपासूनची आहे. रिमोटच्या पडद्यावर दिसणारा आकडा मात्र ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनचा असतो. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, तर खालचे शहर ५६० मीटरच्या आसपास. माथ्यावरून ड्रोन ६० मीटर वर नेला आणि तसाच कोथरूड किंवा पाषाणच्या वस्तीवर सरकवला, तर पडद्यावर ६० हाच आकडा राहील. प्रत्यक्षात तो घरांपासून जवळपास ३०० मीटर उंचीवर, म्हणजे पिवळ्या क्षेत्रात असेल. उडवणाऱ्याने काहीही वेगळे केलेले नसते, खालची जमीनच सुटलेली असते. टेकडीवरून उडवताना ड्रोन माथ्यावरच ठेवावा, उतारापलीकडे नेऊ नये.

जमीन कोणाची : ड्रोन नियम हवाई क्षेत्राबद्दल बोलतात. बागेत उभे राहून यंत्र वर सोडण्याचा हक्क ते कोणाला देत नाहीत. महापालिकेच्या बागा उद्यान विभागाच्या ताब्यात आहेत आणि तिथे काय चालेल हे ठरवणे त्या विभागाच्या अखत्यारीत येते. सारसबागेत तर एकाच आवारात दोन मालक आहेत : बाग महापालिकेची, गणपतीचे मंदिर देवदेवेश्वर संस्थानाचे. पर्वतीही याच संस्थानाकडे आहे. एम्प्रेस गार्डन ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ चालवते, त्यामुळे तिथे महापालिकेला विचारून उपयोग नाही. शनिवारवाडा, पाताळेश्वर आणि आगाखान पॅलेस ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची संरक्षित स्मारके असून तिथे ड्रोनने चित्रण करायचे तर त्या खात्याची पूर्वपरवानगी लागते. तळजाईचे पाचगाव-पर्वती वन आणि वेताळ टेकडीचा बराच भाग वन विभागाचा आहे. त्याच टेकडीच्या दुसऱ्या बाजू शिक्षणसंस्थांच्या नावे आहेत. फिरायला जाणाऱ्याला या हद्दी दिसत नाहीत.

आकाश एकाचे आणि जमीन दुसऱ्याची, हा पेच अमेरिकेत २०१४ मध्ये सोडवला गेला. तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने आकाशाच्या अधिकाराला हात न लावता आपल्या जमिनीवरून ड्रोन उडवणे, उतरवणे आणि चालवणे बंद केले. नियम कडक आहे, पण त्यात संदिग्धता नाही. प्रवेशद्वारावरच त्याची माहिती मिळते.

पोलिसांचे आदेश : पुण्याच्या परिसरात तीन पोलिस यंत्रणा आहेत. शहर आयुक्तालय, १५ ऑगस्ट २०१८ पासूनचे पिंपरी-चिंचवड आयुक्तालय आणि ग्रामीण अधीक्षक कार्यालय. एकीचा आदेश दुसरीच्या हद्दीत चालत नाही. ड्रोन नियमांनुसार राज्य सरकार किंवा पोलिस एखाद्या भागाला एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास तात्पुरते लाल क्षेत्र ठरवू शकतात आणि ते डिजिटल स्कायवर जाहीर करावे लागते. याखेरीज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (१ जुलै २०२४ पूर्वीचे कलम १४४) ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांना मनाई करणारे आदेश निघतात. मान्यवरांचे दौरे, मोठे उत्सव, सीमेवरचा तणाव अशी त्यांची निमित्ते असतात. असा आदेश दोन महिन्यांपर्यंत टिकू शकतो आणि तो नकाशावर दिसेलच असे नाही. तो मोडल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागते. माझ्या मते नागरिकावर सर्वाधिक अन्याय इथे होतो : केंद्राचा नकाशा पाहून, नोंदणी करून, विमा काढून उडवणारा माणूसही वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी चुकली म्हणून गुन्हेगार ठरू शकतो. दोन्ही आदेश एकाच नकाशावर दिसायला हवेत.

पोलिसांच्या काळजीलाही आधार आहे. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर बीड आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन घिरट्या घालतात, ते चोरांचे आहेत, अशा वावड्या पसरल्या आणि गावेच्या गावे जागी राहिली. अंधारात, परक्या वस्तीवर उडवलेला ड्रोन लोकांना भीतीच घालतो.

पक्षी, माणसे आणि अपघात : शहरात घारी भरपूर आहेत आणि घरट्याच्या दिवसांत त्या ड्रोनवर झेप घेतात. पाषाण तलाव आणि मुळा-मुठेच्या काठी हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणेही येते. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयावरून ड्रोन नेण्याचे तर काहीच समर्थन होऊ शकत नाही. वरून घोंगावणाऱ्या आवाजापासून पिंजऱ्यातल्या जनावराला पळायला जागा नसते. लोकांच्या खासगीपणाचेही तसेच आहे. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण करणे हा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, मग कॅमेरा हातात असो वा हवेत.

अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत महासंचालनालयाला कळवावे लागते. ड्रोन नियम मोडल्याचा कमाल दंड १ लाख रुपये आहे. जमिनीचे आणि पोलिसांचे नियम मोडल्याची कारवाई वेगळी.

शहरात २००हून अधिक सार्वजनिक बागा आहेत. हौशी उड्डाणासाठी विमानतळाच्या वर्तुळांबाहेरचे, वस्ती आणि घरट्यांपासून दूरचे एखादे मैदान महापालिकेने वेळ ठरवून द्यावे, आणि प्रत्येक बागेच्या व टेकडीच्या फाटकावर जमीन कोणाची व ड्रोन चालतो की नाही हे मराठीत लिहावे. तोवर उडवणाऱ्याने त्या दिवशीचा नकाशा पाहावा, स्थानिक पोलिस ठाण्यात मनाई आदेशाची चौकशी करावी आणि जागेच्या मालकाकडून लेखी होकार घ्यावा.