लहरींची रोजकीर्द आणि खतावणी

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच तासाभराने उरणच्या मोरा बंदराला लागते, पण ती भरती असेल तर. ओहोटीला गाळ उघडा पडला की बंदर समोर दिसत असूनही उतारूंना खोळंबावे लागते. अशाच एका खोळंब्यात तांडेलाच्या डोक्यावर टांगलेल्या बिनतारी संचाकडे माझे लक्ष गेले. त्याचा काटा सोळाव्या वाहिनीवर, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्‌झवर होता. संकटकाळी हाक मारण्यासाठी जगभरच्या नौकांनी राखलेली लहर ती हीच. शेजारी दोरीने बांधलेली पेन्सिल आणि कडा कुरतडलेली वही होती. या वहीला लॉगबुक म्हणतात, ते वेग मोजण्यासाठी गलबतामागे दोरीने सोडीत त्या ओंडक्यावरून, म्हणजे 'लॉग'वरून.

ज्या उरण महालात मिठागरे आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या यांचा महसूल पिढ्यान्‌पिढ्या कागदावर चढला, तेथल्या माणसाला रोजकीर्द आणि खतावणी यांतला भेद शिकवावा लागत नाही. घडेल ते घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत. ज्याचे त्याचे खाते खतावणीत. लहरींचे दप्तरही असेच दुहेरी आहे. कोणत्या वेळी, कोणत्या लहरीवर, काय ऐकू आले ही रोजकीर्द. कोणती लहर कोणाची ही खतावणी. 1906 च्या बर्लिन परिषदेपासून राष्ट्रांनी या व्यवहाराचे नियम बांधले आणि 1947 साली अटलांटिक सिटी येथे आंतरराष्ट्रीय नोंदणीचे स्वतंत्र मंडळ नेमून खतावणीला कायमचा कारकून दिला. आपल्याकडे 1933 च्या कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरल्यामुळे हौशी श्रोत्याची वही बहुधा पेटीतच राहिली.

लहरी एकामागून एक चाळून ऐकविणाऱ्या आरंभीच्या स्कॅनर यंत्रांत प्रत्येक लहरीसाठी वेगळा स्फटिक विकत घेऊन बसवावा लागे. दहा स्फटिकांच्या धन्याला वहीचे एक पान पुरे. पुढे यंत्राच्या स्मरणात शेकडो लहरी मावू लागल्या, तेव्हा वही अपुरी पडून संगणक आला. आणि त्याच्याबरोबर, माझ्या मते, एक ढोबळ चूकही आली. पुष्कळ आज्ञावलींच्या रचनाकारांनी लहरीपुढे नावाचा एकच रकाना ठेवला. नवा मालक आला की जुन्याचे नाव पुसून जाते.

हा दोष किती महाग पडतो, ते समोरच्याच किनाऱ्यावरील एका खात्यावरून कळेल. 1942 च्या ऑगस्टपासून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत गुप्तपणे चालविलेले काँग्रेस रेडिओ हे केंद्र 42.34 मीटरवर बोलत असे. पोलिसांना चुकविण्यासाठी जागा बदलत गेली, तरी ऐकणाऱ्यांना ते सापडे. आणि सरकारी श्रोतेही ते ऐकून शब्दन्‌शब्द टिपून घेत. 12 नोव्हेंबरला धरपकड झाली आणि तीच टिपणे खटल्यात पुरावा म्हणून आली. म्हणजे सरकारच्या रोजकीर्दीनेच त्या आवाजाचे जतन केले! मीटरांचा हिशेब आजच्या मापात मांडला तर ती लहर सुमारे 7.08 मेगाहर्ट्‌झ येते. आणि आज हा पट्टा परवानाधारक हौशी प्रक्षेपकांचा आहे. एकाच रकान्याच्या आज्ञावलीत तेथे 'हौशी' एवढेच दिसेल. मालकाच्या नावाशेजारी 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने, मीटरचा मूळ आकडा तसाच, आणि शेवटी जुन्या कारकुनांचा 'शेरा', एवढे ठेवले असते तर त्याच पानावर 1942 ची ओळही राहिली असती.

भरती चढली. तांडेलाने पेन्सिल उचलून वेळ लिहिली, आणि शेऱ्याच्या जागी 'गाळ'.